अवतरण यंत्रणा, विमानाची : बिघाड व सुरक्षा

विमान जमिनीवर उभे असताना त्याचा भार पेलणारा, उड्डाणापूर्वीच्या धावेत त्याला वाहून नेणारा आणि उतरताना बसणारा आघात शोषून घेणारा जो चाके, दांडे, टायर व गतिरोधक यांचा समूह विमानाच्या धडाखाली व पंखांखाली बसविलेला असतो, त्यास अवतरण यंत्रणा म्हणतात. वैमानिक व विमान-कारागीर तिला लँडिंग गिअर याच नावाने ओळखतात. तिचे काम संपूर्ण प्रवासातील थोड्या मिनिटांपुरते असते. उरलेला वेळ ती निव्वळ ओझे म्हणून वाहून न्यावी लागते. यामुळे तिच्याकडे केवळ चाके म्हणून पाहण्याची सवय सामान्य प्रवाशाप्रमाणे काही वेळा जाणकारांनाही लागते. प्रत्यक्षात विमानातील अनेक सुरक्षा यंत्रणांना, विमान हवेत आहे की जमिनीवर, हे कळते ते मुख्यतः या चाकांच्या दांड्यांकडूनच. त्यामुळे चाकांतील बिघाड चाकांपुरता राहत नाही. प्रस्तुत नोंदीत या प्रश्नाचा विचार मुख्यतः मुंबईशी संबंधित घटनांच्या आधारे केला आहे.

मुंबईच्या विमानवाहतुकीचा आरंभ ज्या विमानांनी झाला, त्यांत हा प्रश्न जवळजवळ नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहू येथे उतरले, ते पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे लहान विमान होते. त्याची चाके कायमची खाली असत. ती वर घेण्याची सोय नसल्याने ती खाली न येण्याचा धोकाही नव्हता, आणि चाकांवर अवलंबून असणारी दुसरी कोणतीही यंत्रणा विमानात नव्हती. चाकांना खरा धोका होता तो जमिनीचा. पावसाळ्यात जुहूची जागा जलमय व चिखलाची होई, म्हणून त्या दिवसांत टपालसेवा पुण्यास हलवावी लागे.

विमानांचा वेग वाढू लागला तशी खाली लोंबणारी चाके हवेच्या प्रवाहाला फार विरोध करू लागली व ती आत ओढून घेण्याची योजना रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात सर्रास वापरात आलेल्या डकोटा (डीसी-३) विमानाची चाके वर घेतली तरी थोडी बाहेर डोकावत राहत; त्यामुळे ती खाली आली नाहीत तरी विमान त्या अर्धवट चाकांवर टेकून पुष्कळदा किरकोळ नुकसानीवर निभावत असे. पुढील विमानांत ही सवलत राहिली नाही. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला गेलेल्या एअर-इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या कॉन्स्टेलेशन विमानाची चाके पूर्णपणे पोटात मिटत. चाकांना वर-खाली करण्यासाठी दाबाखालील तेल वापरणारी द्रवीय यंत्रणा, त्यांना जागी घट्ट धरणारी कुलपे, आतील झाकणे आणि वैमानिकापुढील दर्शक दिवे असा सगळा पसारा आता आवश्यक झाला. आणि जितके भाग, तितक्या बिघाडाच्या जागा.

यानंतरचा बदल बाहेरून दिसत नाही, पण तो अधिक महत्त्वाचा आहे. मुख्य चाकांच्या दांड्यात तेल व नायट्रोजन वायू भरलेला असतो. विमान टेकले की दांडा दबतो, उचलले गेले की लांबतो. या हालचालीवर एक लहानसा स्विच किंवा संवेदक बसविण्याची प्रथा पडली. सोयीसाठी त्यास येथे भार-स्विच म्हणू. त्याचा पहिला उपयोग साधा होता : विमान जमिनीवर उभे असताना कोणी चुकून चाके वर घेण्याचा दांडा ओढला, तर तो हलू नये. एकदा हा विश्वासू पहारेकरी मिळाल्यावर त्याच्यावर एकेक काम सोपविले जाऊ लागले. पंखांवरील उत्थापक प्रेरणा मोडणाऱ्या झडपा, म्हणजे स्पॉयलर, टेकताच आपोआप उघडणे. इंजिनांचा उलट रेटा हवेत चालू होऊ न देणे. चाक फिरू लागण्यापूर्वी गतिरोधक लागू न देणे. जमिनीवर येताच कक्षातील हवेचा दाब बाहेरच्या हवेशी समान करणे, म्हणजे दारे उघडता येतात. उड्डाणाची धाव चुकीच्या मांडणीत सुरू झाल्यास भोंगा वाजविणे. निरनिराळ्या विमानांत तपशील वेगळा असतो, पण ही सर्व कामे त्या एका वार्तेवर चालतात. विमानाचा स्पर्शेंद्रिय म्हणावा असा हा भाग आहे.

हे तत्त्व विमानांचे स्वतःचे नव्हे. परळ, लालबाग भागातील कापडगिरण्यांत जे यांत्रिक माग चालत, त्यांवर आडव्या धाग्याला स्पर्श करणारा एक काटा असे. बाण्याचा धागा तुटला किंवा धोट्यातील कांडी संपली, की काट्याला स्पर्श होत नसे आणि माग आपोआप थांबे. पण काट्याला धाग्याखेरीज काहीच कळत नसे. तोच वाकला वा अडकला, तर धागा शाबूत असताना माग थांबे, नाहीतर धागा नसतानाही माग चालत राही. भार-स्विचाच्या बाबतीत नेमके हेच दोन प्रकार संभवतात, फरक इतकाच की येथे कापडाऐवजी माणसे असतात.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे नाही, वॉर्साचे आहे. पण पावसाळी धावपट्टीचा अनुभव असलेल्या मुंबईकरास ते सहज उमगेल. १४ सप्टेंबर १९९३ रोजी लुफ्तान्साचे एअरबस ए-३२० विमान ओल्या धावपट्टीवर एका बाजूच्या चाकांवर टेकले. स्पॉयलर उघडण्यासाठी दोन्ही बाजूंचे दांडे पुरेसे दबणे किंवा चाके ठरावीक वेगाने फिरणे आवश्यक होते. एक दांडा दबला नव्हता, आणि पाण्याच्या थरावरून तरंगत गेल्यामुळे चाके पुरेशी फिरत नव्हती. विमान टेकले असूनही, यंत्रणेच्या मते, ते अद्याप हवेत होते. सुमारे नऊ सेकंदांचा विलंब झाला. विमान धावपट्टीबाहेर गेले व दोघांचा मृत्यू झाला. यात काहीही मोडलेले नव्हते. प्रत्येक भागाने दिलेल्या आज्ञेचे तंतोतंत पालन केले होते.

मुंबईच्या धावपट्टीवरही पावसाने विमाने पुढे नेली आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये व पुन्हा १ जुलै २०१९ रोजी बोइंग ७३७ विमाने धावपट्टी ओलांडून ओल्या मातीत गेली. त्यांची कारणे वॉर्साप्रमाणेच होती असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु चाके मातीत रुतल्यावर विमान हलविणे किती कष्टाचे असते, हे २०१९ मध्ये मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिल्याने शहरास कळून चुकले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तेथे अडून बसलेले एक विमान सबंध वाहतूक विस्कटून टाकते.

बिघाडाचा दुसरा मार्ग प्रत्यक्ष मोडतोडीचा आहे. चाके मिटतात त्या पोकळीतून द्रवीय यंत्रणेच्या नळ्या व विजेच्या तारा जातात, आणि शेजारी इंधनाच्या टाक्या असतात. ११ जुलै १९९१ रोजी जेद्दाहून निघालेल्या डीसी-८ विमानाचे टायर हवा कमी असल्याने धावेतच तापून फुटले व जळती चाके पोटात ओढून घेतली गेली. वैमानिकांना सुरुवातीस आगीची वार्ता मिळाली नाही. त्यांना मिळाल्या त्या इतर वार्ता : कक्षातील दाब टिकत नाही, स्पॉयलरचा दिवा लागला, चाके सुरक्षित नाहीत, द्रवीय दाब गेला. एकमेकींशी संबंध नसलेल्या भासणाऱ्या या सर्व तक्रारींचे मूळ एकच होते. परतीच्या वाटेवर विमान कोसळले व यात्रेकरूंसह २६१ जण मरण पावले.

याउलट, राखीव व्यवस्था पुरेशी असल्यास काय साधते ते ३० जुलै १९७१ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील घटनेत दिसते. पॅन अमेरिकनच्या बोइंग ७४७ ने उडताना धावपट्टीच्या टोकाचे दिव्यांचे मनोरे तोडले. चाकांचा भाग आत घुसून चारपैकी तीन द्रवीय यंत्रणा निकामी झाल्या. चौथीच्या आधारे विमान परत उतरले. एवढे करूनही दुखापती टळल्या नाहीत, आणि त्यांतील बहुतेक झाल्या त्या सुटकेच्या साधनावर. चाकांचा आधार कमी झाल्याने विमान शेपटीवर कलले, पुढचा भाग उंच गेला, आणि दारांतून सोडलेल्या फुगीर घसरपट्ट्या जवळजवळ उभ्या झाल्या. घसरपट्टीची लांबी विमान आपल्या पायांवर सरळ उभे आहे असे धरूनच ठरविलेली असते, याचा विसर पडू नये. मुंबईला याच जातीचे पहिले एअर-इंडियाचे विमान त्याच वर्षी आले होते.

महाराष्ट्रातील सर्वांत दुःखद घटना २६ एप्रिल १९९३ ची होय. औरंगाबादच्या (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या अगदी टोकाशी उचलले गेले. टोकापलीकडून जाणाऱ्या बीड रस्त्यावर त्याच वेळी कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक आला होता. विमानाचे डावे मुख्य चाक व डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्यावर आदळला. पुढे सुमारे ३ किमी.वर विमान उच्च दाबाच्या विद्युत् तारांना धडकून कोसळले. ११८ पैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. वैमानिकाने नाक उशिरा उचलणे आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील रहदारी न रोखणे ही कारणे चौकशीत पुढे आली. विमानातील एकाही सुरक्षा यंत्रणेला रस्त्यावरील ट्रक दिसण्याची सोय नव्हती. तेथे उपयोगी पडले असते ते एक साधे फाटक.

चाके किती आघात सोसतील यालाही मर्यादा आहे. सेकंदाला सुमारे ३ मी. एवढ्या वेगाने खाली येणारे विमान पेलावे, असा वाहतूक विमानांच्या रचनेचा दंडक आहे. २२ जून १९८२ च्या पहाटे मुसळधार पावसात मुंबईस उतरणारे एअर-इंडियाचे बोइंग ७०७, ‘गौरीशंकर’, शेवटच्या काही सेकंदांत शक्ती कमी केली गेल्याने अतिवेगाने खाली येऊन आदळले. १११ पैकी १७ जण दगावले. अशा आघातात चाके मोडणे अटळ असते. म्हणून ती मोडताना इंधनाची टाकी फाडणार नाहीत, तर सुटून वेगळी होतील, अशी रचना करण्याकडे अभियंत्यांचा कल आहे.

आता वैमानिकापुढील दिव्यांकडे वळू. चाके खाली येऊन कुलूप बसले की प्रत्येक दांड्यासाठी एक हिरवा दिवा लागतो. बहुतेक विमानांत असे तीन दिवे असतात. हे दिवे खोटे बोलत नाहीत, पण त्यांना विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर ते देतात. २९ डिसेंबर १९७२ रोजी मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानात पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही. चाक व्यवस्थित होते. दिव्याचा बल्ब गेला होता. सर्व वैमानिक त्यात गुंतले असता स्वयंचालकाचे उंची राखण्याचे काम नकळत सुटले, त्याचा इशाऱ्याचा सूर कोणाच्याच लक्षात आला नाही, आणि विमान दलदलीत उतरत गेले. १०१ जणांचा बळी गेला. कराचीस २२ मे २०२० रोजी याच्या उलट घडले : चाके वर असताना विमान टेकले, भोंगे वाजत होते, तरी त्यांकडे दुर्लक्ष झाले. इंजिने धावपट्टीवर घासली गेल्यावर विमान पुन्हा वर गेले व वस्तीवर कोसळले; विमानातील ९९ पैकी दोघेच वाचले.

मुंबईच्या अलीकडील तीन घटना तिसऱ्याच प्रकारच्या आहेत, आणि या विषयाच्या अभ्यासकास त्या विशेष शिकवणाऱ्या वाटतात. त्यांत दिवे ठीक होते व माणसेही सावध होती; पण जे घडले ते विचारणारा दिवाच विमानात नव्हता.

पहिली १२ ऑक्टोबर २०१८ ची. मध्यरात्रीनंतर तिरुचिरापल्लीहून दुबईस निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७ ने उडताना विमानतळाची भिंत व मार्गदर्शक अँटेना यांना धडक दिली. विमानात १३६ जण होते. भिंतीस धक्का लागला असावा, हे नियंत्रण मनोऱ्याने वैमानिकास कळविले. त्याने सर्व यंत्रणा नीट चालत असल्याचे उत्तर दिले, आणि उपकरणांपुरते ते खरेही होते. विमान अरबी समुद्रावर पुष्कळ पुढे गेल्यावर त्यास मुंबईकडे वळविण्यात आले. पहाटे साडेपाचच्या सुमारास ते सुखरूप उतरले, तेव्हा पोटाचा पत्रा फाटलेला आढळला. सुमारे चार तास हे विमान स्वतःची जखम न कळता उडत होते.

दुसरी घटना ६ मे २०२१ ची. एका रुग्णासह पाच जणांना घेऊन नागपूरहून उडालेल्या बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० या रुग्णवाहू विमानाचे एक चाक धावेतच निखळले. ते पाहिले नागपूर विमानतळावरील सुरक्षा कर्मचाऱ्याने, व त्याच्याकडून वार्ता मनोऱ्यापर्यंत गेली. तिसरी १२ सप्टेंबर २०२५ ची : कांडल्याहून मुंबईस निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानातून काही काळी वस्तू पडल्याचे मनोऱ्यातून दिसले, शोध घेता धावपट्टीवर चाक सापडले. चाक निखळले तरी दांडा खाली येतो, कुलूप बसते आणि हिरवा दिवा लागतो. दिवा दांड्याचा असतो, चाकाचा नव्हे.

या दोन विमानांच्या रचनेतील फरकाने पुढचे सर्व ठरले. क्यू-४०० च्या प्रत्येक मुख्य दांड्यावर दोन चाके असतात. बाहेरचे गेले तरी आतल्याने भार घेतला. विमान नेहमीप्रमाणे उतरले आणि स्वतःच्या बळावर टर्मिनलपर्यंत चालत गेले. सी-९० च्या दांड्यावर चाक एकच असते. बोडक्या दांड्यावर टेकल्यास तो धावपट्टीत रुतून विमान एका बाजूस फिरण्याचा संभव असतो, म्हणून सर्व चाके वर ठेवून पोटावर उतरण्याचा निर्णय झाला. जास्तीचे इंधन आधी जाळून टाकण्यात आले. धावपट्टीवर फेसाचा थर पसरण्यात आला. फेसाने घर्षण किती कमी होते याविषयी जाणकारांत एकमत नाही. ठिणग्या विझविण्यास तो उपयोगी पडतो, एवढे बहुतेक मान्य करतात. रात्री नऊनंतर विमान उतरले व पाचही जण सुखरूप बाहेर पडले.

पोटावर उतरताना सुरक्षा यंत्रणांची स्थिती चमत्कारिक होते. चाके वर असताना जमीन जवळ येत आहे, म्हणून इशाऱ्याचा भोंगा शेवटपर्यंत वाजतो. तो आपल्या परीने बरोबर असतो. पण ज्या माणसाला त्या क्षणी मनोऱ्याचे बोलणे ऐकावयाचे असते, त्याला तो अडथळाच ठरतो, म्हणून शक्य असल्यास तो आधीच बंद करतात. विमान टेकते, पण दांडे दबत नाहीत. त्यामुळे भार-स्विचाच्या लेखी ते हवेतच राहते. जी विमाने स्पॉयलर आपोआप उघडतात, ती उघडत नाहीत. कक्षातील दाब आपोआप सुटत नाही, म्हणून तो वैमानिकाने हाताने आधीच सोडावा लागतो. नाहीतर दारे अडण्याचा धोका असतो. चाके नसल्याने गतिरोधक नाहीत. इंधन व विजेचा पुरवठा तोडणे, हेही टेकण्याच्या आसपास हातानेच करावे लागते. म्हणजे गेल्या काही दशकांत जी कामे यंत्राकडे सोपविली गेली, ती सगळी एका मिनिटात वैमानिकाकडे परत येतात. त्याच्या प्रशिक्षणातील या भागाची उजळणी नियमित व्हावी लागते, याचे कारण हेच.

चाकांची स्थिती वैमानिकास थेट कळावी, यासाठी काही सोयी झाल्या आहेत. अनेक मोठ्या विमानांत गतिरोधकांचे तापमान व टायरमधील दाब दर्शविणारी उपकरणे असतात. टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरण्याचा नियम झाला आहे, कारण तापलेल्या टायरमधील हवा स्फोटास कारण होऊ शकते. एअरबस ए-३८० सारख्या काही विमानांना पोटाखाली व शेपटीवर कॅमेरे असतात, पण त्यांचा मूळ हेतू अरुंद मार्गावर वळताना चाके कोठे आहेत हे पाहणे हा आहे. लहान रुग्णवाहू विमानांत यांपैकी बहुतेक साधने सहसा नसतात. अशा विमानाविषयी शंका आल्यास आजही ते मनोऱ्याजवळून खालच्या उंचीवर नेतात, आणि नियंत्रक दुर्बिणीतून चाके मोजतो.